वहीची मागची बाजू : आजीच्या स्मरणपुस्तकाच्या प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५, पाचपाखाडी, ठाणे

आजीला जाऊन आज सदतीस दिवस झाले. बाबा, दोन्ही आत्या आणि मी असे चौघे बसलो आणि तिच्या वर्षश्राद्धापर्यंत तिच्या आयुष्याचे एक छोटे पुस्तक तयार करायचे असे ठरले. तिथीने वर्षश्राद्ध १३ जानेवारी २०२६ रोजी, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी येते. त्यामुळे हातात दहा महिने आहेत. पाने साधारण ऐंशी, प्रती चाळीस, आणि सगळ्या घरात वाटण्यासाठीच. छायाचित्रे धाकटी आत्या पाहील, वह्या आणि कागदपत्रांचे स्कॅनिंग मोठ्या आत्याचा मुलगा पुण्याहून करून देईल, आणि लेखन व या नोंदी माझ्याकडे.

बाबांनी पहिला परिच्छेद लिहूनच आणला होता. त्यात ‘त्यागमूर्ती’, ‘वात्सल्यसिंधू’ आणि ‘स्वतःसाठी तिने कधी काही मागितले नाही’ असे शब्द आहेत. मी तो कागद फायलीत लावून ठेवला. नाव बदलले तर तो परिच्छेद आमच्या इमारतीतल्या कोणत्याही आजींना चालला असता, हे मी त्या वेळी बोलले नाही. ती वेळ नव्हती.

९ मार्च २०२५

ट्रंक उघडली. जरीकाठाच्या दोन साड्या, नातवंडांच्या झबल्यांचे कागदी बेत, आजोबांचे नोकरीतले ओळखपत्र, जन्मटिपण, एका पत्र्याच्या डब्यात दोऱ्याने बांधलेले पोस्टाचे कागद (ते नंतर पाहू), आणि घरखर्चाच्या एकेचाळीस वह्या. वह्या १९५२ पासून १९९६ पर्यंतच्या आहेत. चार वर्षांच्या वह्या नाहीत. त्यांपैकी दोन चरईच्या चाळीत वाळवीने खाल्ल्या, असे मोठी आत्या सांगते. उरलेल्या दोहोंचे काय झाले ते कोणालाच आठवत नाही. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मध्यभागी ‘श्री’, खाली वर्ष, आणि मग जमा व खर्च असे दोन रकाने. अक्षर लहान, गोल आणि दोन्ही बाजूंना समास सोडलेले आहे.

सगळ्या वह्या पुण्याला पाठवल्या.

२३ मार्च २०२५

जन्मतारखेचा घोळ. आजीच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९३० अशी तारीख आहे. तिच्या पिढीतील निम्म्या लोकांचा जन्म १ जूनला झालेला असतो, कारण मुलाला शाळेत घालताना गुरुजी वयाचा अंदाज बांधून तीच तारीख टाकून मोकळे होत. जन्मटिपणात मात्र शके १८५३, श्रावण वद्य पक्ष असे स्वच्छ लिहिले आहे. शकात ७८ मिळवले की १९३१ येते, आणि त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे श्रावणाचा वद्य पक्ष सप्टेंबरात पोचला होता. म्हणजे दाखला तिला पंधरा महिन्यांनी मोठी करतो. पुस्तकात जन्मटिपणाची तिथी घ्यायची असे ठरले.

त्यातून एक गंमत निघाली. दाखल्यावरची तारीख धरून २०११ च्या मे महिन्यात आपण तिचे सहस्रचंद्रदर्शन केले होते. एक हजार पौर्णिमा व्हायला ८० वर्षे आणि साधारण दहा महिने लागतात. खऱ्या जन्मतिथीपासून मोजले तर त्या दिवशी चौदा-पंधरा पौर्णिमा कमी पडत होत्या. जन्मटिपण तिच्याच ट्रंकेत होते, तेव्हा हे तिला माहीत नसेल असे मला वाटत नाही. हॉल ठरला होता, आचारी सांगितला होता, अलिबागहून माहेरची माणसे निघाली होती. ती ओवाळून घेत शांत बसली.

१३ एप्रिल २०२५

आजीच्या बालपणाचे प्रकरण लिहायला घेतले. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी, की ‘रामदास’ बोटीत आजी असायची होती आणि केवळ दैवाने वाचली. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अलिबाग तालुक्यात क्वचितच एखादे गाव असेल, ज्याला त्याची झळ लागली नाही. त्याचबरोबर, बोट चुकल्यामुळे वाचलेला एखादा नातेवाईक नाही असेही घर त्या भागात सापडणे कठीण आहे. सगळे खरे असते तर बोटीला दोन मजले आणखी लागले असते.

माझ्या फोनमध्ये २०१६ सालचे तिचे बोलणे ध्वनिमुद्रित केलेले आहे. ते आज पुन्हा ऐकले. ती म्हणते : “बोटीत कुठली मी? आम्ही त्या दिवशी भात लावत होतो. चिखलातून वर आलो तेव्हा कुणीतरी सांगितलं. मग आईनं चूल पेटवली नाही.” एवढेच. दैवाची गोष्ट काढून टाकली आणि हे चार वाक्यांचे बोलणे जसेच्या तसे घेतले. धाकटी आत्या थोडी नाराज झाली, कारण ती गोष्ट तिने शाळेच्या निबंधात लिहून बक्षीस मिळवले होते.

४ मे २०२५

पुण्याहून स्कॅन आले. नाव देण्याची पद्धत चांगली आहे आणि शाईही नीट उठली आहे, पण पानांचा मेळ बसत नाही. १९५८ ची वही १९२ पानांची आहे आणि स्कॅन ११८ पानांचे. १९६३ च्या वहीचेही तसेच, आणि पुढच्या बहुतेक वह्यांचेही. भावाला फोन केला. तो म्हणाला, “मधे कोरी पानं लागली की वही संपली, पुढं काय स्कॅन करायचं?” मी त्याला फोन चालू ठेवूनच एक वही पालथी करून शेवटच्या पानापासून उघडायला सांगितली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, इथं पण श्री आहे.”

११ मे २०२५

आज स्वतः पुण्याला जाऊन वह्या परत आणल्या, कारण हे काम नजरेआड होऊ द्यायचे नव्हते. वहीची पुढची बाजू घराची आहे : आजोबांचा पगार जमा, आणि भाडे, वाणी, दूध, रॉकेल, शाळेची फी, औषधे असा खर्च. वही उलटी फिरवली की शेवटच्या पानापासून दुसरा हिशेब सुरू होतो. त्यावर वेगळे ‘श्री’ आहे, वेगळे जमा आणि खर्च आहेत, आणि तो हिशेब सर्वस्वी आजीच्या शिवणकामाचा आहे. पोलके, परकर, झबले, उशीचे अभ्रे, पुढच्या काळात ब्लाउज आणि साडीला फॉल लावणे. समोर गिऱ्हाइकाचे नाव, मिळालेले पैसे आणि ‘बाकी’. मशीन हप्त्याने घेतले, आणि ते हप्ते मागच्या बाजूलाच लिहिलेले आहेत, पुढे नाहीत. सुया, बॉबीन, तेल, दोऱ्याची रिळे हा खर्चही मागचाच. पुढचे पैसे मागे आलेले नाहीत आणि मागचे सहजासहजी पुढे गेलेले नाहीत.

आजी शिवत असे, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. आमचे सगळे बालपण तिने शिवलेल्या कपड्यांत गेले. पण आमच्या बोलण्यात ते नेहमी ‘वेळ जावा म्हणून’ असे. या पानांवर मात्र एक व्यवसाय आहे, आणि उधारी वसूल करणारी बाई आहे. एका नावापुढे सलग सात महिने ‘बाकी १२ आणे’ लिहून शेवटी फक्त ‘काम बंद’ असे लिहिले आहे.

एक विषयांतर करते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा तिने समासात स्वतःसाठी कोष्टक मांडून ठेवले : एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, चार आणे म्हणजे पंचवीस. एका आण्याचे नेमके सव्वासहा पैसे होतात, म्हणून सुटा आणा देताना गिऱ्हाइकाचा फायदा आणि घेताना आपला तोटा होतो, अशी टीप खाली आहे. वाण्याच्या हिशेबात १९६१ पर्यंत शेर आहेत आणि मग किलो येतात. ‘चार आणे’ मात्र तिने शेवटपर्यंत सोडले नाहीत. २०११ साली पंचवीस पैशांचे नाणे चलनातून बाद झाले, तेव्हाही ती भाजीवाल्याशी आण्यांतच बोलत होती.

१ जून २०२५

मागच्या बाजूच्या खर्चात १९५४ पासून दर महिन्याला ‘म. ऑ. ५’ अशी नोंद आहे. पुढे ती ७, १० आणि शेवटी २० पर्यंत जाते. म. ऑ. म्हणजे मनीऑर्डर हे उघड होते. कोणाला, हे वहीत नाही. मग पत्र्याचा डबा आठवला.

डब्यात मनीऑर्डरच्या पोहोचपावत्या आहेत, वर्षवार बांधलेल्या. पैसे घेणाऱ्याने सही करून जो तुकडा पाठवणाऱ्याकडे परत येई, ती पोहोच. प्रत्येकीवर सहीच्या जागी शाईचा अंगठा, बाजूला ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’, आणि साक्षीदार म्हणून आजीच्या धाकट्या भावाची सही. अंगठा आजीच्या आईचा. शेवटची पोहोच ऑक्टोबर १९७९ ची आहे. त्यापुढच्या महिन्यात वहीत म. ऑ. नाही आणि त्या जागी ‘अलिबाग जाणे-येणे’ असा खर्च आहे.

मोठ्या आत्याला हे माहीत होते. ती म्हणाली की त्या काळी आईवडील लेकीच्या घरचे पाणीही घेत नसत, त्यामुळे पणजी पैसे घ्यायला तयार नव्हती. आजीच्या भावाने तिला समजावले की हे जावयाचे पैसे नाहीत, तुझ्या मुलीने मशीन चालवून मिळवलेले आहेत. म्हणूनच ते पुढच्या बाजूने जाणे शक्य नव्हते. दोन बाजूंचा हिशेब वेगळा ठेवण्याचे हे एक कारण झाले. एकमेव कारण होते असे मी लिहिणार नाही, कारण मनीऑर्डर थांबल्यानंतरही मागची बाजू दहा वर्षे चालू आहे.

मनीऑर्डरच्या अर्जाला निरोप लिहिण्यासाठी एक तुकडा असे आणि तो पैसे घेणाऱ्याकडे राहत असे. म्हणजे आमच्याकडे पणजीचे अंगठे आहेत आणि आजीने तिला काय लिहिले ते अलिबागला गेले. बाबांच्या मामेभावाला फोन केला. जुने कौलारू घर उतरवले तेव्हा बरेच कागद गेले, पण माळ्यावरचे एक पेटारे पाहून सांगतो, असे ते म्हणाले.

१५ जून २०२५

बाबांशी मतभेद झाला आणि तो नोंदवून ठेवणे योग्य वाटते. मागची बाजू पुस्तकात नको, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांचा मुद्दा असा : आजोबांच्या पाठीमागे आजी पैसे साठवत होती आणि माहेरी पाठवत होती, असा याचा अर्थ लोक लावतील, त्यात आजोबांना कमीपणा येईल आणि आजीच्या वागण्यात लपवाछपवी दिसेल. मी म्हणाले की वही एकच होती, स्वयंपाकघराच्या फळीवर उघडी पडलेली असे. बाबा म्हणाले, “फळीवर गीतासुद्धा होती. कुणी उघडली?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. निर्णय पुढे ढकलला.

६ जुलै २०२५

उत्तर १९७४ च्या वहीत होते. ८ मे १९७४ पासून देशभर रेल्वे कामगारांचा संप झाला आणि तो २७ मे पर्यंत चालला. आजोबा रेल्वेत पार्सलच्या कामावर कारकून होते आणि संपात होते. पुढच्या बाजूला त्या महिन्यांची जमा बाजू अशी दिसते : पगाराच्या जागी रेघ, आणि खाली ‘मागून आणले ४०’, ‘मागून आणले ६०’, ‘मागून आणले ४०’. एकूण १४० रुपये. मागच्या बाजूला त्याच तारखांना ‘पुढे दिले’ अशा जोडीच्या नोंदी आहेत.

पुढच्या बाजूच्या या तिन्ही नोंदी आजीच्या अक्षरात नाहीत. अक्षर उजवीकडे झुकलेले आहे, ‘ल’ ला खाली लांब शेपूट आहे आणि आकड्यानंतर फुली मारलेली आहे. मी काही न सांगता पान बाबांसमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “हे बाबांचं.”

म्हणजे वहीची मागची बाजू त्यांना माहीत होती, तिच्यातून पैसे घ्यायचे तर लिहून घ्यायचे हेही माहीत होते, आणि नवरा म्हणून ते तसेच उचलण्याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. पुढे सप्टेंबरपासून मार्च १९७५ पर्यंत त्याच अक्षरात ‘मागे परत’ अशा नोंदी आहेत. त्यांची बेरीज १२५ होते. तीनदा करून पाहिली. पंधरा रुपये राहिले आहेत आणि मागच्या बाजूला आजीने ते १९७५ च्या अखेरीपर्यंत ‘येणे’ म्हणून पुढे ओढले आहेत. १९७६ च्या वहीत ते नाहीत. फेडले की सोडले, हे दोन्ही बाजूंना लिहिलेले नाही.

बाबांचा विरोध संपला.

२७ जुलै २०२५

वह्यांतील मोठ्या घटनांची यादी करण्याचा प्रयत्न केला आणि एक नियम हाती लागला : ज्या गोष्टीला खर्च लागला तीच वहीत येते. १९६२ च्या नोव्हेंबरात ‘संरक्षण निधी २ रु.’ आहे, म्हणजे चीनचे आक्रमण. ११ डिसेंबर १९६७ रोजी ‘पहाटे भूकंप, लोणच्याची बरणी १’ आहे. कोयनेच्या धक्क्याने चरईतल्या फळीवरून पडलेली बरणी. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाला एक अक्षर नाही. बाबा दहावीत ठाण्यात पहिल्या दहांत आले त्या दिवशी ‘पेढे पाव किलो’.

तिच्या मनात काय होते, हे या वह्यांवरून सांगता येत नाही आणि पुस्तकात मी ते सांगणार नाही.

३१ ऑगस्ट २०२५

गणपतीत काही काम झाले नाही.

१४ सप्टेंबर २०२५

ठाण्याहून वाशीच्या गाडीने ऐरोलीला धाकट्या आत्याकडे गेले, कारण मशीन तिच्याकडे आहे. पायमशीन अजून चालते. पट्टा तेवढा नवा आहे. लाकडी फळीच्या उजव्या कडेला दोन बारीक खाचा आहेत, मधले अंतर सुमारे एक वीत. आत्या म्हणाली, ती आजीची मोजपट्टी होती. फितीला हात न लावता ती झबल्याची उंची त्या खाचांवर धरत असे. छायाचित्र काढले, बाजूला पट्टी ठेवून.

चरईच्या चाळीत शेजारी राहणाऱ्या काकू आता त्याच भागात राहतात, त्यांनाही भेटलो. वय ८६, कानाने अधू, स्मरण लख्ख. त्यांनी जे सांगितले त्यातले दोन मुद्दे नवे आहेत. एक, चाळीतल्या चार मुलींना आजीने शिवण शिकवले आणि शिकवणीचे पैसे घेतले नाहीत. अट एवढीच की पहिल्या महिन्यातील काज आणि बटणे त्यांनी करून द्यायची. दुसरे, महिन्यातून एकदा दुपारी त्या दोघी मासुंदा तलावाच्या काठाने चालत जात, कौपिनेश्वराचे दर्शन घेत आणि परतताना जांभळी नाक्यावर भेळ खात. काकू म्हणाल्या, “पैसे प्रत्येक वेळी तुझ्या आजीनं दिले हो. मला काढूच द्यायची नाही.”

घरी येऊन मागची बाजू पाहिली. ‘भेळ’ असा शब्द कोठेच नाही. पण दर महिन्याला ‘देवळात’ म्हणून जी रक्कम आहे, ती पेटीत टाकण्याच्या मानाने जरा जास्त आहे.

१२ ऑक्टोबर २०२५

अक्षरजुळणी सुरू झाली. युनिकोडमधला मजकूर छापखान्याच्या जुन्या टंकात नेताना ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झाले आणि रफार भलत्या अक्षरांवर जाऊन बसले. सगळे पुन्हा वाचावे लागणार. पोहोचपावत्यांच्या चित्राखाली मी ‘जि. रायगड’ लिहिले होते, ते दुरुस्त केले; १ जानेवारी १९८१ पर्यंत तो कुलाबा जिल्हा होता आणि पावत्यांवर तसेच आहे.

१६ नोव्हेंबर २०२५

पुस्तकाची रचना ठरली. पुढून उघडले की जन्म, अलिबाग, १९५० मधील लग्न, चरई, मुले, नातवंडे, पाचपाखाडी, शेवटचे दिवस. पालथे करून मागून उघडले की शिवणकाम, पोहोचपावत्या, १९७४, मशीन. दोन्हीकडे पहिल्या पानावर तिच्याच अक्षरातले ‘श्री’ घेतले आहे, पुढे पुढचे आणि मागे मागचे. मधे चार पाने कोरी.

बाबांच्या पहिल्या परिच्छेदाचे काय करायचे, हा प्रश्न मीच काढला. ‘त्यागमूर्ती’ हा शब्द त्यांनी स्वतः खोडला. ‘स्वतःसाठी तिने कधी काही मागितले नाही’ हे वाक्य ठेवू या, असे ते म्हणाले. ते खरे आहे, मागितले नाहीच. त्यावर मोठी आत्या म्हणाली, “मागायची गरज कुठं होती?” वाक्य ठेवले आणि त्याच्या खाली आत्याचे वाक्य घेतले.

२१ डिसेंबर २०२५

छापखान्यातून फोन. बांधणी करणाऱ्याने काम थांबवले होते, कारण ‘अर्धी पाने उलटी लागली आहेत’. तसेच हवे आहे, हे समजावायला वीस मिनिटे लागली. लेखी पाठवा म्हणाले, पाठवले.

११ जानेवारी २०२६

चाळीस प्रती आल्या. कागद अपेक्षेपेक्षा थोडा पिवळा आहे, पण पोहोचपावत्यांवरचे अंगठे स्वच्छ उठले आहेत. रेषा मोजता येतात. पान ३१ वर धाकट्या आत्याच्या मुलीचे जन्मवर्ष चुकले आहे, ते हाताने दुरुस्त केले. एकोणचाळीस प्रती परवासाठी ठेवल्या आहेत.

बाबांच्या अलिबागच्या मामेभावाचे गुडघे दुखतात, त्यांना येणे जमणार नाही. पेटाऱ्यात निरोपाचे तीन तुकडे मिळाले आहेत आणि ते टपालाने पाठवतो, असा त्यांचा परवा फोन होता. त्यांची प्रत काल स्पीड पोस्टने रवाना केली आणि पावती या नोंदवहीत लावली. पोहोच अजून आलेली नाही.